ओवळ्याची जीनखोली

पहाटे साडेपाचला कुलूप काढते तेव्हा
घोडबंदर रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली असते
आणि आत, खुंट्यांवर,
एकोणीस रिकामी डोकी माझी वाट बघत असतात.

एकेक उतरवते.
हनुवटीचा पट्टा, बकल, घामाने कडक झालेलं अस्तर.
आतला फोम अंगठ्याने दाबून बघते,
गाडीवरची पपई बघावी तसा.
एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नाही, हा नियम.
वरून कधी ओरखडाही नसतो,
पण आत जे एकदाच चेपायचं असतं
ते चेपून मोकळं झालेलं असतं.
म्हणून पट्टा कापून टाकायचा,
कुणाला मोह नको.
या वर्षी अकरा कापले.
कात्री आईची, ब्लाउज बेतायची.

आबा बाहेर गवताच्या पेंढीवर.
अठ्ठावीस वर्षं वरातीची घोडी सांभाळली त्यांनी
कळव्यात, कोपरीत, पार भिवंडीपर्यंत.
नवऱ्याला फेटा, घोडीला जरीची झूल,
बँडवाल्यांनासुद्धा पिसांच्या टोप्या.
आबांच्या डोक्याला रुमाल.
एका रात्री वरात पोचवून परतताना
स्वतः वर बसले होते,
मागे उरलेली लड कुणीतरी गंमत म्हणून पेटवली.
तेव्हापासून उजव्या कानाने काही येत नाही त्यांना.
"मांड पक्की पाहिजे," तरी म्हणतात,
"बाकी सगळी खोगीरभरती."
मी डावीकडे जाऊन म्हणते, हो आबा.

टिपणीसबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला आल्या.
नौपाड्यातल्या. एकट्या. बँकेतून निवृत्त.
त्यांनी हवेचं जॅकेट आणलं, जुन्या स्कूटरच्या किमतीचं.
पोटाशी गॅसचं नळकांडं, माझ्या अंगठ्याएवढं,
आणि एक दोरी, जिनाला अडकवायची.
माणूस सुटला की दोरी ताणते,
जॅकेट फुगतं, मान आणि पाठ धरून ठेवतं
जमीन यायच्या आत.

फक्त उतरताना दोरी काढायला विसरायचं नाही.

त्या विसरल्या.
पाचव्याच दिवशी, आरामात उतरल्या आणि
फाट!
मिरची घोडी चार पावलं आडवी उडाली,
खाडीकडून आलेले बगळे उठले,
आणि बाई मैदानात उभ्या,
हात अधांतरी, गळ्यापर्यंत फुगलेल्या.
मी धावले सोडवायला.
"थांब," म्हणाल्या. "राहू दे जरा."
डोळे मिटलेले.
हवा आपली आपण, हळूहळू गेली.
मी मिरचीला धरून उभी राहिले,
तिच्या आयाळीतले काटे काढत.
नवीन नळकांड्याचे पैसे त्यांनी न विचारता दिले.

खऱ्या पडल्या त्या भाद्रपदात.
कुंपणावरची निळी ताडपत्री फडफडली,
मिरची बिचकली, दुडकी चालता चालता वळली.
पाय रिकिबीत अडकला असता,
पण ती उघडणारी रिकीब, उघडली.
पुन्हा तोच फाट.
उठल्या तेव्हा दातांना चिखल, आणि हसत होत्या.
हेल्मेट माझ्या हातात दिलं.
मागच्या बाजूला फोमवर केसाएवढी रेघ.
मी त्यांच्यासमोरच पट्टा कापला.
त्यांनी तो तुकडा पर्समध्ये टाकला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी चंदी मोजून आत आले
तर आबा खोलीत.
तेच हेल्मेट डोक्यावर,
कापलेला पट्टा गालावर लोंबतोय.
बोटाच्या पेराने ठोकून बघत होते,
एकदा, दोनदा, नारळ बघतात तसं.
मला बघून काढलं नाही.

"तेव्हा मिळायचं का गं हे?"

पलीकडे रस्त्यावर हॉर्न.
मिरची पाण्यात तोंड घालून फुरफुरत होती.

"मिळायचं," मी म्हटलं,
उजव्या बाजूने.