मजले उतरवताना

आठवीच्या मुलांना मी एकेक शहर दिलं.
म्हणजे शहर नव्हे, पडद्यावरची रिकामी जमीन,
कोपऱ्यात नदी, तिजोरीत सत्तर हजार
आणि सहा आठवडे, दर मंगळवारी दोन तास.
हिरवा रंग राहायला, निळा दुकानांना,
पिवळा कारखान्यांना.
रस्त्याशिवाय काही उगवत नाही, एवढंच सांगितलं.
बाकीचं चुकत चुकत शिका.

चुकले, आणि भरभरून चुकले.
माल्टेने सांडपाणी नदीत वरच्या अंगाला सोडलं
आणि पिण्याचा पंप लावला खाली;
अर्ध्या तासात अख्खं शहर अंथरुणाला खिळलं.
रोन्या स्मशान विसरली. तिच्याकडे मेलेली माणसं
तीन तीन आठवडे घरातच,
आणि घरपट्टी मात्र वेळेवर भरत होती.
यावर वर्ग इतका हसला
की शेजारून गणिताचे सर डोकावले.
यानिकचं शहर लाखापुढे गेलं, पडद्यावर फटाके उडाले,
तो बाकावर उभा राहिला.
मी उतर म्हटलं नाही.
आमच्या गावात कसलाही आकडा वाढलेला
वीस वर्षांत पाहिला नव्हता मी.

आमचं गाव लाउझित्सातलं. कोळशासाठी वसलेलं,
कोळशाबरोबर खाली बसलेलं.
एकाच साच्यातून काढलेल्या सहामजली इमारती.
काहींचे वरचे तीन मजले क्रेन उचलून नेते,
दुधावरची साय बोटाने काढावी इतक्या हळू,
आणि खालच्यांना नवं छप्पर मिळतं.
बाकीच्या सपाट. तिथे आता गवत.
शाळेत तीन तुकड्या होत्या, एक उरली.
पुढच्या वर्षाचं कुणी बोलत नाही.

मागच्या बाकावर थाओ.
तिची लोकसंख्या चौथ्या मंगळवारपासून घटत होती.
वाटलं, अडली असेल. वाकून पाहिलं
तर म्हणाली, "बाई,
वरचे दोन मजले काढायचं बटण कुठे आहे?"

नव्हतं.
बुलडोझर होता. तो पाडतो तर सगळं पाडतो.

मग ती तिच्या पद्धतीने करू लागली.
आधी माणसं शेजारच्या रिकाम्या घरांत,
मग पाइप बंद, मग भिंती,
शेवटी रस्ता उखडून झाडं.
दवाखाना ठेवला. एक बस ठेवली, तोट्यातली.
खेळ चिडला. लाल पट्टी पळू लागली:
नागरिक शहर सोडत आहेत! महापौर, काहीतरी करा!
"करतेय की," ती पडद्याला म्हणाली.
आणि मला, मान वर न करता,
"आजोबा व्हिएतनामहून शर्ट शिवायला आले
तेव्हा चौदा नंबरच्या ब्लॉकमध्ये राहायचे.
तो पाडला. त्यांनी तिथेच कोथिंबीर लावलीय.
ब्लॉक गेला, बाई. ते कुठे गेले?"

गुणपत्रकात तीन रकाने होते,
लोकसंख्या, शिल्लक, समाधान.
मीच आखलेले, पट्टी धरून.

शेवटच्या मंगळवारी मुलं गेल्यावर बसले.
यानिकला अठरा. पंप हलवल्याबद्दल माल्टेला सोळा.
थाओच्या नावापुढे पेन टेकवलं, उचललं.
तिचं शहर अजून चालू होतं. चार हजार अकरा.
बसमध्ये एकच उतारू.
माणसावर टिचकी मारली की खेळ सांगतो,
कोण, किती वर्षांचं, कुठे निघालं.
वय एकसष्ट. घरी चालली आहे.

मी तिच्या मागे मागे गेले.
झाडांपाशी उतरली. जिथे परवापर्यंत रस्ता होता
तिथे जराशी थबकली, वळसा घेतला,
दाराशी पोचली. एक खिडकी उजळली.

हेर नोआक किल्ल्या वाजवत आले.
"बाई, दिवे घालवू का?"
"थांबा जरा," म्हटलं.
"ती आत्ताच घरी आलीय."