अर्ध्या तासाचं पाणी

सकाळपासून सात वेळा नदी ओलांडली
आणि चाक एकदाही भिजलं नाही.
नदी म्हणजे गोटे. पांढरे, पालथे,
धुणं अर्धवट टाकून कुणी उठून गेल्यासारखे.
रस्ता पात्रात उतरतो, पुन्हा चढतो;
कडेच्या खांबावर तांबडा पट्टा:
पाणी इथवर आलं तर थांबा.
आम्ही थांबतो. बाटलीतलं पाणी प्यायला.

रोवेना पुढे. तिच्या मागच्या पिशवीची गाठ सुटलीय,
दोरीचं टोक चाकाजवळ लोंबतंय
आणि ओरडून सांगायला छातीत वारा उरलेला नाही.
रुवीतल्या खोलीला कुलूप लावलं तेव्हा चार वाजले होते.
आता नऊ. कुरियातचा समुद्र अजून त्रेसष्ट किलोमीटर,
आणि मधे हे डोंगर, गवताची काडी नसलेले,
भाजलेल्या विटेच्या रंगाचे.

माझं अरबी इस्पितळातलं.
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा.
अठरा वर्षं काचेआडून लोकांना हेच सांगत आले,
आज चढावर स्वतःला सांगते.
घ्या. धरून ठेवा, तेवढं जमत नाही. सोडा.
सगळ्यात हलका गिअर, त्याच्याहून हलका नाही,
तरी बोटं शोधत राहतात.

खिंडीपलीकडे उतार, उतारावर काटा.
समरचं झाड म्हणजे आपली बाभूळच,
फक्त छत्रीसारखी उघडलेली;
काटा मात्र अगदी घरचा.
पुढचं चाक बसलं.
भोक कुठे ते दिसेना.
कान लावला, गाल लावला, ओठ लावले,
वाऱ्याच्या आवाजात ट्यूबचा वारा कसा ऐकू येणार?

खजुरांच्या सावलीतून एक म्हातारा आला,
हातात फावडं, खांद्यावर ओला पंचा. नाव खल्फान.
काही न विचारता ट्यूब उचलली
आणि आम्हाला फलजपाशी नेलं.
वीतभर रुंद, वीतभर खोल,
डोंगराच्या पोटातून कोरून आणलेला पाट,
आणि त्यात पाणी! सातही वेळा नदीत नव्हतं ते,
इथे कुणाच्या तरी बागेकडे घाईघाईनं निघालेलं.
त्यानं ट्यूब बुडवली. फिरवली.
बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.
इथे, म्हणाला, बोट ठेवून.
मी फिल्मवर बोट ठेवते तसं.

मग काठीच्या सावलीकडे बघून फावड्यानं मातीचा बांध फोडला,
दुसरीकडे घातला. पाणी वळलं.
एक अथर झाला, म्हणाला. अर्धा तास.
आता पुढच्या माणसाची पाळी.

मला सांगायचं होतं, माझे दादा पाटकरी होते,
डाव्या कालव्यावर, तेवीस वर्षं.
सांगायचं होतं की एका रात्री त्यांनी
नामदेववाडीच्या विठाक्काच्या उसाला
अर्धा तास जास्त सोडला,
तर चौकशी बसली, आणि तीन महिने ते
ओसरीवर बसून नुसतं घड्याळ पुसत राहिले.
यातलं काय सांगू?
कुठे दुखतं, केव्हापासून, एवढंच मला विचारता येतं.
मी बांधाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे,
मग म्हटलं, बाबा.
त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, ग्रीसनं काळे झालेले,
आणि फावडं पुढे केलं.

पुढच्या पाळीचा बांध मी फोडला.
थोडा उशिरा फोडला.
त्याच्या लक्षात आलं असावं. काही बोलला नाही.

दुपारी उतार. नदी आठव्यांदा, नवव्यांदा.
रोवेनाची दोरी अखेर चाकात गेलीच,
तासभर ती कापत बसलो, ती फिलिपिनोत शिव्या देत,
मी गडहिंग्लजच्या.
कुरियातला पोचलो तेव्हा खाडीवर अंधार पडलेला,
होड्यांवर दिवे, माशांचा वास,
नदी समुद्राला कुठे मिळते ते कुणालाच नक्की सांगता येईना.

रात्री चाकाला हात लावून बघितला.
ठिगळ टिकलंय.
दादांचं घड्याळ कुणाकडे गेलं,
उद्या फोन करून विचारायला हवं.