राजीखुशीने

पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते
पितृसत्ता.
खडू ‘त्ता’वर मोडतो, दरवर्षी.
तासगावचं कॉलेज, दुपारचे बारा पन्नास,
एकोणीस मुली, दोन मुलगे,
त्यातला एक इतिहासाला जागा उरली नाही म्हणून आलेला.

व्याख्या सांगते. मुली उतरवून घेतात
पूर्णविरामासकट.
व्यवस्था म्हणजे काय, मॅडम?
म्हणजे, कुणीच वाईट नसतं
आणि तरी होतं ते होतंच,
असं सांगायचं घरून ठरवून आलेले,
तर नेमका भाऊ आठवतो.

वाईट नाहीच तो.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग होती,
त्यानं माझ्यासाठी खुर्ची मिळवली,
पुढारीच्या घडीनं वारा घातला.
उसाच्या रसवाल्याला बजावलं,
ताईच्या ग्लासात बर्फ नको, घसा धरतो तिचा.
एवढं लक्षात ठेवणारा भाऊ.

कागदावर मी दोन होते, मधे उर्फ.
लिहून देणार, विनामोबदला, राजीखुशीने,
कोणाच्याही दडपणास बळी न पडता.
मशीननं अंगठा दोनदा नाकारला.
खडूनं झिजलाय, मी म्हणाले.
क्लार्क म्हणाला, पदराला पुसा आणि दाबा, जोरात.
दाबला.
एक एकर अकरा गुंठे, माणिक चमन.

संध्याकाळी वहिनीनं ओटी भरली.
मोरपंखी साडी, फॉल लावलेली.
आई म्हणाली, माहेर राहिलं बघ तुला.
आईचं नाव सातबाऱ्यावर आहे,
उजवीकडे, इतर हक्कात,
विहिरीच्या पाळ्या आणि सोसायटीच्या बोज्याखाली.
तिथं ती चाळीस वर्षं राहते
आणि कुणाला अडचण होऊ देत नाही.

हे सगळं मी वर्गात सांगत नाही.
मी विचारते, कुणाच्या घरी झालंय हक्कसोड?
आईचं, आत्याचं, मावशीचं?
हात आधी कोपरापर्यंत वर येतात,
मग एकमेकींकडे बघून पूर्ण.
सोळा.
आत्यानं वाटणी मागितली तर
तिला जावळाला बोलावलं नाही, एक म्हणते,
आणि आपण बोललो म्हणून घाबरते.

शेवटच्या बाकावर प्रतीक्षा ऐवळे,
तिचा हात खाली.
तुमच्यात नाही झालं?
सोडाय आदी असाय पायजे की, मॅडम.

वर्ग हसतो.
मग हसू मधेच कुठंतरी अडतं.

मी फळ्याकडे वळते, वळायचं कारण नसताना.
एका शब्दात मावेल वाटलं होतं सगळं.
तो शब्द माझ्या मापाचा निघाला.

ती बोलत राहते, हळू, तक्रार नसल्यासारखं.
मम्मी तुमच्या दादांच्याच बागेत असती, विरळणीला.
मान वर करून दिवसभर, रात्री उशी लागत नाही.
बायांना तीनशे, गड्यांना पाचशे.
गडी म्हंत्यात आमी औषध मारतो.
दादा चांगलेत पण.
चार वाजता चहा देतात सगळ्यांना.
आमचा कप आमी ठेवलाय
मांडवाच्या तारेला अडकवून.

दर फेब्रुवारीत त्या बागेची पेटी येते मला.
वर गुलाबी कागद, खाली लांबट मणी.
गोडच असतात.
त्या बागेत मीही चहा घेते,
पडवीत, बशीसकट.
तार कधी बघितली नव्हती
असं म्हणायला तोंड उघडते,
आणि आठवतं, बघितली होती.
काहीतरी चमकत होतं उन्हात.
पक्षी हाकलायला बांधलं असेल, वाटलं होतं.

पहिल्या बाकावरची विचारते,
मॅडम, हे लिहून घ्यायचं का?
मी म्हणते, हो.
कुठल्या मुद्द्याखाली?

मला सांगता येत नाही.

कप कसलाय, मी विचारते,
इतकंच सुचतं.
स्टीलचा, प्रतीक्षा म्हणते. फुटत नाय.

बेल होते. दप्तरं आवरल्याचा आवाज येत नाही.
इतिहासाला जागा न मिळालेला मुलगा
वहीतली व्याख्या खोडत असतो,
एकेक ओळ, पट्टी लावून.