दोन किलोच्या आत

काटा जुन्या बाजारातला, कांद्याच्या गोण्या तोललेला.
त्याच्यावर पोरं उभी राहतात श्वास आत ओढून,
जणू मी हवेचंही वजन धरतो.
चप्पल काढ. मोबाईल काढ.
कडं काढ, देवाचं असलं तरी.
देव माझ्या ड्रॉवरमध्ये बसेल तासभर, त्याला सवय आहे.
दोन किलोच्या आत फरक असेल तर जोडी,
नाहीतर घरी जा, जेव, पुढच्या महिन्यात ये.

दापोडीत, रुळांच्या अलीकडे, आमची पत्र्याची शेड.
एरवी इथं लोखंड उचलतात
आणि उचलून झालं की आरशात दंड बघतात.
महिन्याच्या शेवटच्या रविवारी आरशांवर चादरी टाकायच्या,
बाकं भिंतीला सरकवायची,
मधोमध शाळेकडून उसन्या आणलेल्या मॅट, चार खांब, तीन दोर.
खांबांना बायकोनं जुनी गादी फाडून गुंडाळलीय.
बेल म्हणजे रुळाचा एक तुकडा आणि सोळाचा पाना.

दारावर खडूनं लिहिलंय:
सोळा औंसाचे ग्लव्हज, हेडगार्ड,
दातांचं गार्ड ज्याचं त्याचं, उसनं चालणार नाही.
दीड मिनिटाच्या तीन फेऱ्या.
पैज नाही, शूटिंग नाही.
जिंकणाऱ्याला कप नाही;
दोघांनाही उकडलेली दोन अंडी, एक केळं.

डॉक्टर खिंवसरा अंड्यांच्या टोपलीकडे पाठ करून बसतात.
बुबुळात बॅटरी मारतात,
उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आज वार कोणता?
जुनैद म्हणाला होता,
"रविवार, पण कंपनीनं सोमवार धरलाय."
तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले.

काल प्रज्योत आणि जेरोम.
साठ किलो शंभर, एकसष्ट सातशे. बसत होतं.
तिसऱ्या फेरीत प्रज्योतचा डावा हात असा सुटत होता
की दोर धरून उभी असलेली पोरं
स्वतःच्याच हनुवट्या आत घेत होती.
मी हात बघत नाही.
त्याची मागची टाच उशिरा पडत होती,
अगदी थोडी,
जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि असावी, इतकी.

चाळीस सेकंद उरले होते. मी पाना मारला.

शेड फुटेल असं ओरडले सगळे.
भोसरीहून आलेला मामा थेट माझ्या अंगावर,
"अहो, जिंकत होता की पोरगा!"
होता. जिंकतच होता.
श्रावस्ती गुण मांडते; तिनं वहीतून वर बघितलं
आणि आकड्यांपुढे लिहिलं, थांबवली.
प्रज्योतनं ग्लव्हज दातानं ओढून भिरकावले.

डॉक्टरांनी वार विचारला.
तो बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिला,
जणू तिथं कॅलेंडर टांगलंय.
मग म्हणाला, "शनिवार ना?"
मामा खाली बसला.

ससूनला नेलं. रात्री दहाला मामाचा फोन,
काही निघालं नाही म्हणाले, चार आठवडे आराम सांगितलाय.
उगाच घाबरवलंत तुम्ही.
हो, म्हटलं, उगाच.
हा उगाच मी दर महिन्याला विकत घ्यायला तयार आहे,
शेडचं भाडं थकलं तरी.

माझ्या डाव्या कानात एक बेल आहे,
खडकीच्या मैदानावरची, ब्याण्णव सालची.
तेव्हा हेडगार्ड नव्हतं, काटा नव्हता,
समोरचा माझ्याहून अकरा किलो जड होता
आणि लोकांना मजा येत होती.
ती बेल कुणी वेळेवर मारली नाही.
म्हणून अजून वाजतेय.

चादरी काढल्या. मॅट गुंडाळून टेम्पोत टाकल्या,
एकीवर जेरोमच्या नाकाचा ठिपका, तो पुसला,
शाळेत सकाळी लहान पोरं लोळतात त्यांच्यावर.
अंडी दोन उरली. मीच खाल्ली.

ड्रॉवरमध्ये प्रज्योतचं कडं तसंच पडलंय.
ते न्यायला तो येईल. तणतणत येईल,
नजर न देता हात पुढे करेल.
येऊ दे.
आधी वार विचारीन.