शून्याचे दहा ठोके

सावद्याच्या केळी सोसायटीत, हिशेबाच्या खोलीत
युनिक्सचं मशीन, आणि त्याच्या डोक्यावर
तव्यासारखा तापलेला मोडेम.
मे महिना. कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट.
स्टेशनात वॅगनी भरून उभ्या.
रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात,
तेव्हा दिल्लीच्या आडत्याला वॅगनींचे नंबर पाठवायचे
आणि उद्याचा भाव घ्यायचा. एवढंच काम.
एवढ्यासाठीच मला ठेवलेलं, सोमवारपासून.

डायलर चालवला.
परमिशन डिनाईड.
पुन्हा चालवला, जणू पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नसेल.
परमिशन डिनाईड.

पोर्टची नोंद काढून बघितली:
सी, आर, डब्ल्यू, एक आडवी रेघ,
आर, डब्ल्यू, पुन्हा एक रेघ,
आणि शेवटी नुसत्या तीन रेघा.
आधी मालक, मग गट.
तीन रेघा इतरांच्या.
म्हणजे माझ्या.
मालकाच्या जागी नाव: चावदस.

चावदस फालक दिवाळीत सुरतेला गेला, कापडाच्या मिलमध्ये.
खुर्चीवरची उशी नेली, टेबलावरचा गणपती नेला,
लॉगिन तेवढं उघडं ठेवलं. सहा महिने त्यावरच भागलं.
बुधवारी लाईट गेली, बॅटरी बसली,
आणि मशीन उठलं ते कुणालाच ओळखेना.
पोर्टवर नाव त्याचंच,
सातबाऱ्यावर राहतं तसं, तलाठ्याकडे कुणी जाईपर्यंत.
इथला तलाठी म्हणजे रूट.
त्याचा पासवर्ड सोसायटीत एकालाही ठाऊक नाही.
भारंबेआप्पा म्हणाले, "पेचकसानं उघडत नाही का?"
ते चेष्टा करत नव्हते.

मोडेमची वायर काढून फोनला लावली.
सुरत, शेजाऱ्यांचा नंबर.
"कोन? सोसायटीतून? चालू आहे ना मशीन?"
मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प.
"तुले एकट्याले सांगतो. बसराई. सगळी अक्षरं लहान.
लॉक फाईल पाहजो, लाईट गेली का ती तशीच राह्यते.
आन टी नको, पी लावजो भो."
शेवटचं मी नीट ऐकलं नाही, आप्पा घड्याळ दाखवत होते.
"पोर्टवर नाव माहंच आहे का अजून?"
मी हो म्हणायच्या आत लाईन कटली.

बसराई.
मालक बदलता आला असता, एका ओळीचं काम.
नाही बदलला. गटात माझं नाव घातलं,
बाहेर पडलो, पुन्हा आत आलो,
कारण नवा हक्क आधीच बसलेल्याला लागू होत नाही.

आता म्हणतं, पोर्ट बिझी.
लॉक फाईलमध्ये एकच आकडा, कुठल्याशा प्रोसेसचा.
शोधली, ती नव्हतीच. बुधवारीच गेलेली.
रुमाल टाकून एसटीत जागा धरावी
आणि माणूस मागच्याच स्टँडवर राहावा.
मी रुमाल उचलला.

मग नंबर लागला. सूर वाजले, गोड, एकामागून एक.
पलीकडे डायलटोन तसाच घुमत राहिला.
नो कॅरिअर.
दोनदा. तिसऱ्यांदा.
स्टेशनात इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू आला
आणि तेव्हा ते आठवलं, पी.
आमचं एक्स्चेंज जुनं. त्याला सूर कळत नाहीत,
ठोकेच कळतात.

टीच्या जागी पी.
मोडेम मोजायला लागला.
शून्याचे दहा ठोके, हे मला त्या रात्रीच कळलं,
मग एकाचा एक, एकाचा एक,
मग पुढचे, आपापल्या वजनानं.
आप्पा ओठांतल्या ओठांत मोजत होते,
गाडीत चढणारे घड मोजतात तसे,
आणि पलीकडून किंचाळी आली,
खरखर, पुन्हा किंचाळी,
कनेक्ट. चोवीसशे.

भाव बारा रुपयांनी पडलेला.
चावदसला सांगायला हवं होतं,
हो, अजून तुझंच.
पण लाईनीवरून वॅगनींचे नंबर जात होते.