शेवटचा क

माझ्या आधी चार जणी.
म्हणजे पाचवा प्रश्न माझा.
मी तो शोधते, पुटपुटते, बोटांच्या पेरांवर घोकते,
पाठ होतो न होतो तोवर
क्वेनबाई चष्मा पुसत म्हणतात,
आज मागच्या बाकापासून.

कान थोच्या आमच्या कॉलेजात
या वर्गाला तीन पंखे, त्यातला एक कुरकुरतो.
बाकी आम्ही एक्केचाळीस जण गप्प.

पाळी आली की आधी कान तापतात,
मग जीभ टाळूला जाऊन बसते,
पाऊस आल्यावर शेळी गोठ्यात शिरते तशी.
सकाळी तोंड धुताना येत होतं की सगळं!
आरशातली मुलगी तर थांबायला तयार नव्हती.

पहिल्या सत्रात प्रश्न होता, तुला कोण आवडतं?
मी म्हणाले, आय लाय माय मदर.
वर्ग फुटला.
बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लाइक लिहिलं
आणि शेवटच्या क खाली दोन रेघा ओढल्या.
हा गिळलास तर
आवडणं जातं, खोटं बोलणं उरतं.

पण बाई, आमच्या भाषेत शब्द
गळ्यानं ओळखायचा असतो.
एकच मा, सूर बदलला की
भूत, आई, पण, थडगं, घोडा, भाताचं रोप.
हे पुस्तकात. इकडे दक्षिणेत
थडगं आणि घोडा एकाच सुरात येतात,
तरी आजवर कुणी थडग्यावर बसून
बाजाराला गेलेलं नाही.
शब्द संपताना दार आपटून जायची
पद्धत नाही हो आमच्यात.

म्हणून शनिवारी मी मामाच्या गिरणीत जाते.
पट्टा फिरतो, चाळण्या हलतात,
कोंडा उडून भुवयांवर बसतो,
आणि त्या गदारोळात मी इंग्रजी बोलते. मोठ्यांदा.
माझं मलाही ऐकू येत नाही.
तिथे मी कुठेच अडखळत नाही,
निदान तसं मला वाटतं.

त्या शनिवारी वीज गेली.
पट्टा थांबला, चाळण्या थांबल्या,
आणि माझा आवाज एकटाच
शेडभर पसरत गेला, उघडावाघडा.
माझी आई पहाटे तीनला उठते, कारण...
एवढं इंग्रजीत बोलून झालं होतं.
अकरा हमाल माझ्याकडे बघत होते.
मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते हेच असावं.

ऊतकाका पोत्यांच्या थप्पीला टेकले होते.
त्यांना सही येते, तीही वाकडी.
म्हणाले, पुढे?
मी म्हटलं, काही नाही, काका, संपलं.
कसं संपलं? आवाज खाली कुठे आला तुझा?
अधांतरी ठेवू नये बोलणं, पोरी.

मग मी ते पुरं केलं,
अंधारात, कोंड्याच्या वासात,
चुका किती झाल्या कोण मोजणार.
ऊतकाकांनी मान हलवली
आणि शेजारच्याकडे काडेपेटी मागितली.

पुढच्या गुरुवारी मी वाघीण झाले,
असं काही नाही.
तळहात ओले, कान गरम, तेच त त प प.
प्रश्न होता, तुला काय आवडत नाही?
आय डोन्ट लाय
आणि तिथेच गाडी रुतली.
बाईंनी थोडी वाट पाहिली, यादीवर टीक केली,
पुढचं नाव घेतलं.
बिक त्राम उठून उभीही राहिली.

तेव्हा आला माझा क.
उशिरा, एकटाच,
खलबत्त्यात मिरीचा दाणा फुटावा तसा.
बिक त्रामनं मागे वळून पाहिलं.
मी अजून बसले नव्हते.
आवाज खाली आला नव्हता माझा.