अर्धं सूत

विल्फ टॉर्डॉफच्या शेडमध्ये हीटर नाही.
ऑटलीचा फेब्रुवारी. कपात ओतेपर्यंत
चहावर साय.
गेल्या महिन्याच्या वाऱ्यात क्रिकेटच्या मैदानामागचं
सिकॅमोर आडवं झालं, त्यातला एक ओंडका
आम्ही ढकलगाडीवर आणला, चढावर दोनदा थांबून.
लाकूड अजून ओलं. कापलेल्या तोंडाला
सोललेल्या दुधीचा वास.

लेथवर चढवलं की आधी नुसती धडधड,
एका खिशात दगड भरलेल्या माणसासारखं ते फिरतं.
मग पटाशी लागते, सालीचे कपचे उडतात,
आणि हळूहळू त्याला
स्वतःचा मध्य सापडतो.
बाहेरची बाजू सोपी, विल्फ म्हणतो,
बाहेरची बाजू सगळ्यांनाच जमते.

आत शिरलं की खरं.
लांबच लांब ढलप्या मनगटावर पडतात, गार.
लाकडातलं पाणी माझ्या चष्म्यावर,
भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक ओली रेघ.
"इंचाचे सोळा भाग कर, पंधरा टाकून दे."
मी मनात भाषांतर करते: अर्धं सूत.
मिरजेत समोरचे दाजी सुतार
कानामागची पेन्सिल काढत असंच मोजायचे.
सुतावरून स्वर्ग गाठू नये, एवढं ठाऊक होतं.
अर्ध्या सुतावरून काय गाठायचं
ते कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन वाडगे फुटले.
तिसरा तर असा, की फट्,
माझ्या हातात पटाशी, समोर हवा,
आणि काठाचा तुकडा चार दिवसांनी
टॉर्डॉफबाईंच्या कोबीत सापडला.

पातळ होत जाणारं लाकूड सूर चढवतं.
चाळीस वर्षं विल्फनं कानानंच भिंत मोजली.
आता वरचं काही त्याला येत नाही,
केटलची शिट्टी नाही, कुंपणावरचा रॉबिन नाही.
दोन वर्षांत त्यानं पातळ काही केलेलं नाही,
हे तो बोलला नाही.
फळीवरच्या वाडग्यांच्या बुडावर तारखा असतात.

म्हणून चौथ्याला पटाशी त्याच्या हातात
आणि मी लेथच्या टोकाशी.
"काय म्हणतंय?"
पांढरी चार, मी म्हणून जाते.
त्याला पेटीच्या पट्ट्या कशा कळणार?
मग तळहात आडवा धरते, आणि उचलत नेते.
काळी तीन. पांढरी पाच.
काळी चारला तो जरा थांबतो, पाते दगडावर घासतो,
पुन्हा माझ्या हाताकडे बघतो.

वाडग्यामागे दिवा लावलाय.
उजेड आधी येतच नाही, मग काकवीसारखा,
मग पातळ केलेल्या मधासारखा.
तीस वर्षं लीड्सच्या इस्पितळात
मी पलीकडचा उजेड अलीकडून वाचत आले,
काचेमागून सांगत: श्वास धरा.
इथे कुणी सांगितलं नाही. दोघांनी धरला.
बुडाशी एक सावली, रुपयाएवढी.
मी बोट दाखवते. तिथे अजून जाड.
तो तिथून नुसती पटाशी नेतो,
टेकवतो म्हणणंही जास्त होईल.
पांढरी सहा.
बास.

लेथ बंद केल्यावरची शांतता
दोघांना सारखीच ऐकू आली.

सकाळी वाडगा गोल नव्हता.
ओल गेली तसा रेषांच्या अंगानं दबला,
नीट ऐकू यावं म्हणून
कानामागे धरलेल्या हातासारखा.
मला वाटलं, बिघडला.
विल्फ म्हणाला, ओलं लाकूड आहे, त्याचं ते ठरवणार.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकतीस ग्रॅम.
बुडावर त्यानं तारीख घातली, खाली दोन नावं,
माझ्या नावातलं एक अक्षर गाळून.
दुरुस्त करायला मी पेन्सिल घेतलीही होती.
पण जरा दाबलं असतं
तर टोक आरपार गेलं असतं.